खोड घोड्याची की पट्ट्याची?

आपल्या बोलण्यात घोडा अजून जिवंत आहे. टांगे गेले, रस्त्यावरचा घोडा दिसेनासा झाला. पण मराठी जिभेवरून तो काही खाली उतरला नाही. खर्चाला आपण लगाम घालतो, फटकळ माणसाच्या तोंडाला लगाम नाही म्हणतो, आणि वर्तमानपत्रातला चोर तर रोज कुठे ना कुठे 'जेरबंद' होतच असतो. हा जेरबंद म्हणजे मूळचा चामड्याचा एक पट्टा, बरे का! 'जेर' म्हणजे फारसीत खाली. घोड्याच्या तंगापासून निघून, पुढच्या दोन पायांमधून वर येऊन, तो तोंडावरच्या साजाला बांधतात. घोड्याने मान वर उडवू नये, हा त्याचा उपयोग.

या सगळ्या वाक्प्रचारांत एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. त्यांत आपण नेहमी स्वाराच्या बाजूने बोलतो. ज्याच्या तोंडावर पट्टा चढतो त्याला काय वाटत असेल, हे भाषेने विचारलेले नाही. इतिहासाने मात्र ते अधूनमधून विचारले आहे, आणि त्याची उत्तरेही नोंदवून ठेवली आहेत. ती आज आपण पाहू. परंतु त्याआधी एक घरगुती गोष्ट सांगतो.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना सुट्टीत मामांकडे जात असे. मामांची एक घोडी होती. कपाळावर चांदवा होता म्हणून तिला चंद्री म्हणत. लग्नसराईत ती वरातीला जाई, एरवी मामांना लांबच्या शेतावर नेई. स्वभावाने गरीब, मुले पोटाखालून गेली तरी पाय उचलीत नसे. पण एका उन्हाळ्यात तिला लगाम चढवणे कठीण होऊन बसले. हात कानाकडे गेला की मान वर! मामा म्हणत, "हिला खोड लागली." खोड मोडण्यासाठी त्यांनी नाकावरचा पट्टा दोन भोके आवळला. घोडी आणखी बिघडली. आणखी एक भोक आवळले. शेवटी एके सकाळी तिने असा हिसडा दिला की मामांचे मनगट मोडले. पुढच्या बाजाराला चंद्री 'खोडील' म्हणून पडेल त्या भावाने विकली गेली. खोडील म्हणून विकलेल्या जनावराला चांगले घर मिळत नाही, हे मला तेव्हाही कळत होते.

ही गोष्ट आता इथेच ठेवू. शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

घोड्याचे तोंड म्हणजे काय, हे आधी समजून घ्यावयास हवे. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये एक मोकळी जागा असते. लगामाची लोखंडी कडी तिथे बसते. माणसाने घोड्याला तोंडातून धरले ते या मोकळ्या जागेच्या जोरावर. पण ती जागा मोकळी असली तरी बधिर नव्हे. तिथे जबड्याच्या हाडावर हिरडीचे पातळ आवरण तेवढे असते. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार होतात. गालावर पट्टा आवळला की गालाचे आतले मांस त्या धारेवर दाबले जाते. नाकाचे हाड वर रुंद व मजबूत, पण खाली नाकपुडीकडे येता येता ते पातळ होत जाते आणि पुढे नुसते मऊ भाग उरतात. शिवाय घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. त्याचा सारा श्वास नाकातून. चेहऱ्याला संवेदना देणारी मोठी मज्जातंतूची शाखा डोळ्याच्या खाली हाडातल्या एका छिद्रातून बाहेर पडते आणि नाकाकडे, वरच्या ओठाकडे पसरते. नाकपट्टा बसतो तो या सगळ्या नाजूक संसाराच्या शेजारी. तेव्हा हळव्या घोड्याला पट्टा टोचतो म्हटले तर त्यात नवल ते काय?

ही गोष्ट ज्याने पहिल्यांदा नीट लिहून ठेवली, आणि ज्याचा ग्रंथ आपल्यापर्यंत पूर्ण पोहोचला, तो म्हणजे अथेन्सचा झेनोफन. इ. स. पूर्व चौथ्या शतकातला हा माणूस सॉक्रेटिसाचा शिष्य, हाडाचा शिपाई आणि घोड्यांचा वेडा. अश्वारोहणावर त्याने एक छोटेखानी पुस्तक लिहिले. त्याच्याही आधी सायमन नावाच्या एका अथेन्सकराने या विषयावर लिहिले होते, हे झेनोफन स्वतःच मोकळेपणाने सांगतो. जबरदस्तीने करून घेतलेली गोष्ट घोडा समजून करीत नाही. चाबकाने नाचवलेल्या नर्तकात सौंदर्य ते कसले, असा सायमनचा विचार त्याने आदराने पुढे मांडला आहे.

आता झेनोफन काही साधुसंत नव्हता. घोडेस्वाराजवळ निदान दोन कड्या असाव्यात, एक गुळगुळीत आणि एक काटेरी, असे तो सांगतो. काटेरी कडीने घोडा कडी दातांत पकडायची सोडतो. मग गुळगुळीत कडी घातली तरी शिकलेले विसरत नाही, असा त्याचा हिशेब. पण दोन्ही प्रकारांत कडी लवचिक असावी, असा त्याचा आग्रह आहे. ताठ कडी ही शिगेसारखी असते. कुठेही धरली तरी सबंध उचलली जाते, आणि घोडाही तिला तशीच धरून बसतो. कडी तोंडात फार वर ओढून बसवली तर तोंड निबर होते, फार सैल सोडली तर घोडा ती दातांत धरतो, हेही तो बजावतो. आज कोणताही चांगला शिक्षक याहून वेगळे सांगणार नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. अलेक्झांडरच्या स्वारीनंतर, म्हणजे इ. स. पूर्व ३२६-३२५ च्या सुमारास, त्याच्या नौदलाचा प्रमुख निआर्कस याने हिंदुस्थानात जे पाहिले ते लिहून ठेवले. त्याचा मूळ ग्रंथ गेला. पण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात एरियन नावाच्या ग्रीक लेखकाने त्यातला बराच भाग आपल्या पुस्तकात घेतला. एरियन सांगतो की, हिंदी लोक घोड्यावर खोगीर घालीत नाहीत आणि त्यांचा लगामही ग्रीकांसारखा नाही. घोड्याच्या तोंडाभोवती बैलाच्या कच्च्या चामड्याचा शिवलेला पट्टा असतो. त्याला आतल्या बाजूने पितळेचे किंवा लोखंडाचे काटे असतात, फार अणकुचीदार नव्हेत. श्रीमंतांच्या घरी हे काटे हस्तिदंती. तोंडात शिगेसारखे एक लोखंड, आणि वाद्या त्याला बांधलेल्या. वादी ओढली की शीग घोड्याला आवरते आणि काटे टोचतात. मग घोड्याला ऐकण्यावाचून गत्यंतर नाही.

शीग! झेनोफनने जिचे नाव घेऊन सावध केले होते, तीच उपमा. परकीय प्रवाशाच्या सांगण्यावर किती भरवसा ठेवावा, असा प्रश्न तुम्ही विचाराल, आणि तो रास्त आहे. एका मुलखात पाहिलेले तो सगळ्या देशाला लावतो. पण काट्यांची आणि कच्च्या चामड्याची एवढी तपशीलवार हकिकत कुणी कल्पनेतून लिहील असे वाटत नाही. स्ट्रेबो या भूगोलकारानेही अशाच पट्ट्याचा उल्लेख केला आहे. तेव्हा नाकपट्टा ही आपल्याकडे विलायतेतून आलेली वस्तू नव्हे. हिंदी घोड्याच्या नाकावर ती निदान तेवीसशे वर्षे आहे. आणि हस्तिदंती काटेदेखील काटेच, हे श्रीमंतांनी ध्यानात घ्यावयास हवे होते!

याच संबंधातली एक गमतीची गोष्ट शब्दांच्या इतिहासात सापडते. संस्कृतात लगामाच्या कडीला 'कविका' म्हणतात आणि 'खलीन' असेही म्हणतात. अमरकोशात दोन्ही शब्द आहेत. यातला खलीन हा ग्रीक 'खालिनॉस' या शब्दावरून आला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. झेनोफन आपल्या पुस्तकात लगामाला हाच शब्द वापरतो. म्हणजे वस्तू आमच्याकडे होती, तरी ग्रीकांच्या सहवासात तिचे नवे नाव आपण उचलले. नंतरच्या शतकांत 'लगाम' आणि 'जेरबंद' हे शब्द फारसीतून आले. आणि 'जीन' हाही फारसी. त्यावरून जीन करणारा तो आपला जीनगर. घोड्याच्या तोंडावरचा हा वीतभर साज, पण तीन संस्कृतींची नावे त्याच्यावर कोरलेली आहेत.

आपल्याकडे अश्वविद्येची उपेक्षा होती, असे मात्र कुणी समजू नये. शालिहोत्राचे नाव अश्ववैद्यकाला इतके चिकटले की पुढे त्या शास्त्रालाच शालिहोत्र म्हणू लागले. विराटाच्या घरी नकुल घोड्यांची देखभाल करीत राहिला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात घोड्यांच्या परीक्षेला व खेळांना स्वतंत्र जागा आहे.

मराठ्यांच्या इतिहासात तर घोडा म्हणजे सैन्याचा अर्धा जीव. १७२८ साली पालखेडला थोरल्या बाजीरावाने निजामाला कोंडीत पकडले ते तोफांच्या बळावर नव्हे, चालीच्या बळावर. ती चाल घोड्यांची होती. अशा सैन्यात तोंड सोललेला किंवा पाठ लागलेला घोडा म्हणजे एक स्वार कमी, हा साधा हिशेब. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील लष्कराला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आणि वैरण आधीच उधळली, तर पुढे घोडी उपाशी मरतील. आणि ती मेली तर तुम्हीच मारली असे होईल, असा त्या पत्राचा स्पष्ट आशय आहे. या पत्रात लगामाचा विषय नाही. पण जबाबदारी कुणाची, याचा निवाडा त्यात आहे. घोडे मेले तर दोष घोड्याचा नाही, नशिबाचा नाही, माणसाचा आहे. माझ्या विषयाला तेवढा निवाडा पुरे आहे.

युरोपात याच सुमारास काय चालले होते? इटलीतील नेपल्सच्या फेडेरिको ग्रिसोने याने १५५० साली अश्वशिक्षणावर पुस्तक छापले आणि ते देशोदेशी गाजले. झेनोफनची विद्या त्याने पुन्हा जागवली असे म्हणतात. पण झेनोफनचा धीर मात्र घेतला नाही. त्याची शिक्षा कठोर आणि कड्याही जबरदस्त. त्यानंतर फ्रान्सात प्ल्यूव्हिनेल आला. राजा तेराव्या लुईला घोड्यावर बसायला त्याने शिकवले, आणि ही शिकवण सांगणारे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६२३ साली निघाले. घोड्याला समजावून घ्यावे, शाबासकी द्यावी, मार शेवटी, असा त्याचा मार्ग. इंग्लंडमधला न्यूकॅसलचा सरदार विल्यम कॅव्हेंडिश हा परागंदा होऊन अँटवर्पला राहिला असताना त्याने १६५८ मध्ये आपला मोठा ग्रंथ काढला. नाकावरच्या जाड पट्ट्याला वाद्या बांधून घोडा शिकवावा, म्हणजे तोंड वाचते, असे त्याचे म्हणणे होते. इथे नाकपट्ट्याचे काम पाहा: तो तोंडाचे रक्षण करतो.

मग पुढे हे उलटे कसे झाले? एकोणिसाव्या शतकात गाडीच्या घोड्यांची मान डौलदार उंच दिसावी म्हणून ती वर ताणून बांधण्याची फॅशन विलायतेत आली. घोड्याला चढावर मान खाली घालून जोर लावता येईना, श्वास नीट घेता येईना. एडवर्ड फ्लॉवर याने १८७५ साली याविरुद्ध पुस्तिका लिहिली, आणि १८७७ साली ॲना स्यूएलची 'ब्लॅक ब्यूटी' ही कादंबरी आली. ती तर घोड्याच्याच तोंडून सांगितलेली कथा! त्यामुळे लोकमत हलले. पण दिसण्यासाठी बांधण्याची माणसाची हौस गेली नाही. तिने नुसती जागा बदलली. विसाव्या शतकात घोड्याने स्पर्धेत तोंड उघडलेले दिसू नये म्हणून नाकपट्टे आवळले जाऊ लागले. कुणी खालून बांधायचा, कुणी दुहेरी, कुणी नाकावर फुली पडेल असा. या फुलीच्या पट्ट्याला १९३१ ची ग्रँड नॅशनल शर्यत जिंकणाऱ्या घोड्यावरून ग्रॅकल हे नाव मिळाले. काही पट्ट्यांना तर कप्पीसारखी दुहेरी वादी आली, म्हणजे थोड्या जोरात पुष्कळ आवळता यावे.

आता थोडा विचार करा. घोडा तोंड का उघडतो? कडी बोचते म्हणून, दाढ दुखते म्हणून, किंवा स्वाराचा हात जड आहे म्हणून. तोंड उघडणे ही त्याची तक्रार. पट्टा आवळून आपण तक्रार ऐकत नाही, तिचा आवाज तेवढा बंद करतो.

ही नुसती भावनेची गोष्ट राहिलेली नाही. २०१६ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १२ घोड्यांवर प्रयोग केला. पट्टा घट्ट केल्यावर घोड्यांचे चावणे, चाटणे, गिळणे घटले आणि नाडी वाढली. २०१७ साली आयर्लंड, इंग्लंड व बेल्जियम या देशांतील स्पर्धांच्या ७५० घोड्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. नाकाच्या हाडावर पट्ट्याखाली दोन बोटे जावीत, असा जुना रिवाज आहे. तो पाळलेला आढळला फक्त ७ टक्के घोड्यांत. आणि ४४ टक्के घोड्यांत एक बोटही शिरेना! आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा संघटनेने अखेर २०२५ पासून पट्टा मोजण्याचे ठरावीक माप स्पर्धांत लागू केले. तेवीसशे वर्षांनी का होईना, पट्ट्याला माप आले.

तेव्हा वाचकहो, ज्यांच्या दारात घोडा आहे त्यांनी या इतिहासातून काय घ्यावे? आपल्याकडे घोडे संपलेले नाहीत. माथेरानचा रस्ता आहे, वराती आहेत, तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीचा घोडेबाजार भरतो. म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, पट्टा बदलण्याआधी तोंड पाहा. दाढांच्या धारा, ओठांचे कोपरे, जीभ, हिरड्या. दुखणे तोंडात असेल तर मखमलीचा पट्टाही घोड्याला टोचेल. दाढा पशुवैद्याकडून घासून घ्याव्यात.

दुसरी, कानामागचा पट्टा. सगळ्या साजाचे वजन तिथे असते. तो रुंद, मऊ, आणि कानाच्या मुळाला जागा सोडणारा असावा. कपाळपट्टा आखूड असला तर तो कानामागच्या पट्ट्याला पुढे ओढतो आणि कानाची मुळे कापतात. पुष्कळ घोडे 'मान उडवतात' ते या एका आखूड पट्टीपायी. गळ्याखालच्या पट्ट्यात मूठ सहज जावी.

तिसरी, नाकपट्टा. गालाचे उंच हाड जिथे संपते त्याच्या दोन बोटे खाली तो बसावा. त्याहून वर गेला तर हाडाला घासतो, फार खाली आला तर नाकपुडीचा श्वास अडतो. दोन बोटे घालून पाहायची ती नाकाच्या हाडावर, बाजूला नव्हे. बाजूला जागा नेहमीच असते आणि ती फसवते. जबड्याखाली बक्कल हाडावर येऊ देऊ नये. आणि हळव्या घोड्याला नाकपट्टा काढूनच पाहिले तर? खुशाल पाहावे. जेरबंद त्याला बांधलेला नसेल तर त्यावाचून लगामाचे काही अडत नाही.

चौथी, चामडे. घामाचे मीठ चामड्यात मुरते आणि ते लाकडासारखे होते. काम झाल्यावर ओल्या फडक्याने पुसावे, साजाचा साबण लावावा, अधूनमधून तेल द्यावे. स्वस्त पण मऊ ठेवलेला पट्टा महागड्या कडक पट्ट्यापेक्षा बरा.

आणि शेवटची, सगळ्यांत महत्त्वाची. नवा साज चढवला की घोडा काय सांगतो ते पाहावे. कान मागे पडतात का, डोळ्याभोवती सुरकुत्या येतात का, साज काढल्यावर तो डोके खांबाला घासतो का. साज काढल्यावर केस कुठे मोडले आहेत ते बोटाने चाचपावे. घोड्याची हीच लिपी आहे.

आता चंद्रीकडे येतो. महाविद्यालयात प्राचीन ग्रीसचा इतिहास शिकवू लागल्यावर मी झेनोफन मुळातून वाचायचे ठरवले. ग्रीक येत नाही, तेव्हा इंग्रजीतून. पाचव्या प्रकरणात तो मोतद्दाराला एक साधी सूचना देतो. रात्री घोडा बांधताना म्होरकीची गाठ लगामाचा पट्टा येतो त्याच जागी मारू नये. घोडा गव्हाणीला डोके घासतो, गाठ रुतून कानाजवळ जखम होते. आणि जखम असलेला घोडा लगाम चढवताना व खरारा करताना त्रास देणारच.

मी पुस्तक खाली ठेवले. विकायला नेण्याच्या दिवशी चंद्रीच्या कानामागे मी हात फिरवला होता, तेव्हा तिथे पांढऱ्या केसांचा एक पट्टा दिसला होता. जुन्या जखमेवर केस पांढरे उगवतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मला तो चांदव्यासारखाच शोभेचा वाटला. आणि त्या उन्हाळ्यात रात्री चंद्रीला बांधण्याचे काम मामांनी मोठ्या विश्वासाने माझ्याकडे दिले होते. सुटू नये म्हणून कानामागे घट्ट गाठ मीच मारीत असे.

मामा आज नाहीत. असते तर त्यांना सांगितले असते की, मामा, खोड चंद्रीची नव्हती. त्यांना सांगता आले नाही, म्हणून तुम्हाला सांगितले. आपल्या हाताखालचे जनावर एकाएकी वाईट वागू लागले, तर पट्टा आणखी एक भोक आवळण्याआधी तो एकदा काढावा, आणि त्याच्याखाली काय आहे ते पाहावे.